सुट्ट मर, मुट्टबेडी

१

वसुमतीबाईंची एक तक्रार होती आणि ती त्या येईल त्याला ऐकवत. माणसाला एखादी गोष्ट कळली नाही तर त्याने 'कळली नाही' म्हणावं. 'सरी सरी' म्हणू नये.

ही तक्रार नातजावयाबद्दल होती. श्रीरंग मूळचा पुण्याचा, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. बाईंच्या नातीशी, कस्तुरीशी, लग्न होऊन वर्ष होत आलं, आणि तेवढ्या काळात त्याने कानडीतला हा एकच शब्द कमावला होता. रिक्षावाला काही बोलला, सरी सरी. भाजीवाली काही बोलली, सरी सरी. आजेसासूकडे राहायला आला असताना खालच्या बाईने येऊन सांगितलं की टाकी धुवायची आहे, पाणी बंद करते. तेव्हाही हा सरी सरी म्हणाला, आणि मग अंगाला साबण फासून न्हाणीघरातून हाका मारत बसला.

"सरी म्हणजे ठीक आहे," बाई म्हणत. "पण काय ठीक आहे, हे तरी विचारावं की नाही माणसाने?"

कस्तुरी हसायची. श्रीरंगही हसायचा. हसून झालं की पुन्हा सरी सरी.

यशवंतपूरची लाकडाची वखार बाईंच्या सासऱ्यांनी काढली, नवऱ्याने वाढवली आणि नवरा गेल्यावर बाईंनी टिकवली. शाळा त्यांची तिसरीतच सुटली होती. पण वखारीत त्यांच्यापुढे आवाज चढवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आख्खं यशवंतपूर त्यांना अक्का म्हणे. रोज सकाळी करवत सुरू होण्याआधी त्या तांब्याभर पाणी घेऊन वखारभर फिरत आणि उंबऱ्यावर, करवतीवर, रचलेल्या मालावर शिंपडत. हा सासूने घालून दिलेला नेम.

त्या सोमवारी त्या शिंपडत शिंपडत कोपऱ्यातल्या ताडपत्रीपाशी आल्या. खाली होन्नेच्या तुळया होत्या. होन्ने म्हणजे आपल्याकडचा बिबळा. बाईंना साखरेचा त्रास, म्हणून वर्षानुवर्षं त्या होन्नेच्याच पेल्यातलं पाणी पीत आल्या होत्या. त्या लाकडाला पाणी लागलं की ते पाणी चहासारखं पिवळं होतं आणि उन्हात धरलं तर निळी झाक मारतं. शनिवारी तुळया चिरून झाल्या तेव्हा त्यांनी त्यांच्यावर पाणी ओतून सगळ्यांना ती गंमत दाखवली होती.

आज त्यांनी ताडपत्री बाजूला केली. तुळया होत्या तशा रचलेल्या होत्या, तेवढ्याच लांब, तेवढ्याच जाड. फक्त काळ्याभोर होत्या. चारी अंगांनी, कोपऱ्यांसकट, काजळी धरलेल्या तव्यासारख्या.

बाईंनी पाणी ओतलं. ओघळ काळा आला. पदराच्या टोकाने त्यांनी एक जागा घासून पुसली, पुन्हा पाणी ओतलं आणि खाली ओंजळ धरली. ओंजळीतलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं.

"अजित," त्यांनी पुतण्याला हाक मारली. "हे होन्ने नाही."

२

या तुळयांची कथा अशी. कनकपुऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला होन्नेकट्टे नावाची वाडी आहे. मध्यभागी एक कट्टा आणि कट्ट्यावर थोरलं होन्नेचं झाड, म्हणून ते नाव. उन्हाळ्यात डोंगरावरून वणवा उतरला. माणसं तळ्यात उभी राहून वाचली. घरं गेली, झाडं गेली, कट्ट्यावरचं होन्नेही उभ्या उभ्या जळलं. श्रीरंग आणि त्याचे ऑफिसातले मित्र पांघरुणं वाटायला गेले होते. त्याने काढलेले फोटो बाईंनी पाहिले, आणि सगळे हळहळत असताना त्या म्हणाल्या, "रडताय कशाला? झाडाची साल जळते, गाभा शाबूत असतो. पावसाच्या आत चिरलं तर घरं उभी राहतील. कीड लागली की मग मात्र सरपण."

श्रीरंगने धावपळ करून परवानग्या मिळवल्या, घरांचे आणि समाजमंदिराचे नकाशे काढून घेतले. हे श्रेय त्याचं, आणि बाई ते द्यायला चुकत नसत. जळके ओंडके यशवंतपूरला आले. गडी आधी वाकसाने कोळशाचा थर तासून काढत, कारण कोळसा करवतीचे दात खातो, आणि मगच ओंडका करवतीवर चढे. फुकट चिराई. बाकी माल घरांसाठी आधीच गेला होता. होन्ने शेवटचं, ते समाजमंदिराच्या आढ्याला जायचं होतं. वाडीतर्फे चंदना नावाची बाई सगळं पाही. तिला बाईंनी हातात हात घेऊन सांगितलं होतं, "तुमचं झाड तुमच्याच डोक्यावर येईल. हा माझा शब्द."

उद्या सकाळी चंदना लॉरी घेऊन येणार होती.

"हे पाइन आहे," अजित तुळईला नख लावत म्हणाला. "खोक्यांचं लाकूड. त्यांच्याकडच्या वाळवीला दोन पावसाळे पुरणार नाही. अक्का, पोलिसांत जाऊ. आणि पहिल्यांदा त्या मुनियप्पाला ताब्यात घ्यायला सांगू."

मुनियप्पा वखारीचा राखणदार. अजितच्या जन्माआधीपासून फाटकाशेजारच्या खोलीत राहत होता. काल रविवार, वखार बंद, आणि घरचे सगळे राजाजीनगरला बारशाला. वखारीत तो एकटाच.

बाईंनी त्याला बोलावलं. शनिवारी संध्याकाळी त्यांनीच त्याला बजावलं होतं: "उद्या कोणी आलं तर होन्ने हे नाव तोंडातून काढायचं नाही. होन्ने म्हटलं की चोराच्या तोंडाला पाणी सुटतं. नुसतं म्हणायचं, सुट्ट मर, मुट्टबेडी." जळकं लाकूड आहे, हात लावू नका. जळक्याला कोण हात लावतो, हा त्यांचा हिशेब. मुनियप्पाला वाक्य आवडलं होतं. त्याने ते मंत्रासारखं म्हणून दाखवलं होतं, वर टाळी वाजवली होती.

आज तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

"काल कोण आलं होतं?"

"गोत्तिल्ला, अक्का." माहीत नाही.

"टेंपो आल्याशिवाय एवढ्या तुळया हलत नाहीत. टेंपो फाटकातून आला. फाटकाची किल्ली तुझ्या कमरेला. आणि तुला माहीत नाही?"

"गोत्तिल्ला."

"बघा," अजित म्हणाला. "पचवलंय म्हाताऱ्याने. आजच्या आज खोली रिकामी करायला सांगा."

"तू गप रे," बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत मी बघते. संध्याकाळी सापडलं नाही तर तुझे पोलीस."

मुनियप्पा वळला. दोन पावलं गेला आणि थांबला. पाठमोऱ्यानेच त्याने विचारलं, "कस्तुरी अम्मा बरी आहे ना?"

लहानपणी कस्तुरीला खांद्यावर बसवून शाळेत पोचवणारा तोच. पण असल्या वेळी तिची चौकशी? बाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

३

"आता तुझी पाळी," बाईंनी अजितला समोर बसवलं.

"माझी? मी चोरी करीन आपल्याच वखारीत?"

"आपल्याच वखारीत करणं सोपं. फुकट चिराईवरून महिनाभर तोंड वाकडं करून कोण फिरतंय? आणि दारांसाठी होन्ने मागायला गिऱ्हाईक आलं होतं, ते मी घालवलं म्हणून रुसून कोण जेवलं नाही?"

"अक्का, मी रुसलो तरी ताटावर परत येतो. काल मी तुमच्या डोळ्यांसमोर होतो."

"सगळा वेळ नव्हतास. पहिली पंगत उठली आणि तू नाहीसा झालास."

"आइस्क्रीम आणायला गेलो होतो."

"ते आणलंस तेव्हा त्याचं पन्हं झालं होतं. राजाजीनगरात आइस्क्रीमला एवढा वेळ?"

अजितने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "भार्गवीच्या घरासमोर स्वल्प थांबलो."

"कोण भार्गवी?"

"तुम्हाला सांगणारच होतो."

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. कान लाल झाले होते. चोराचे कान पांढरे पडतात, असा त्यांचा अनुभव होता.

"ते नंतर बघू. ती तुळई इकडे ओढ. नीट बघ, आणि मला सांग, अशी तुळई आपल्या करवतीतून कधी निघाली आहे का?"

अजितने पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला. "बस. तुझं तोंड बघूनच कळलं. आता हे मनात ठेव. कोणाला सांगितलंस तर भार्गवीच्या घरी मी जाईन, तू नाही."

४

मल्हार दुपारी आला. हा राजाजीनगरातल्या आपल्याच लोकांतला. त्याचे आजोबा आणि बाईंचे सासरे एकाच गाडीने या गावात उतरले होते म्हणे. बाप कापडाच्या दुकानात बसायचा. हा कॅफेवाल्यांसाठी टेबलं बनवतो. नवीकोरी फळी घेतो, गॅसच्या ज्योतीने जाळून काळी करतो आणि दुप्पट मिजाशीने विकतो. होन्नेकट्ट्याच्या होन्नेसाठी तो बाईंच्या मागेच लागला होता. अजितचा पहिला संशय मुनियप्पावर, तर दुसरा याच्यावर.

"अक्का, बोलावलंत? होन्ने द्यायचं ठरलं की काय?"

"होन्ने गेलं."

मल्हारचं हसू मावळलं. "गेलं म्हणजे?"

"बदललं कोणीतरी. आणि बदललेलं जाळून ठेवलंय. या गावात लाकूड जाळून काळं करणारा एक शहाणा मला ठाऊक आहे."

मल्हार तुळयांपाशी गेला, उकिडवा बसला, बोट फिरवून पाहिलं. मग तो असा तिरस्काराने बोलला की बाईंना जवळजवळ हसू आलं. "हे माझं काम? अक्का, शिव्या द्या, पण हा अपमान करू नका. जुना रंग काढायच्या ज्योतीने घाईघाईने भाजलंय. एका ठिकाणी जाळ, एका ठिकाणी नुसती धग. आणि कोपरे बघा, तेही सोडले नाहीत. कशाला जाळलंय पण?"

"तू सांग."

"मला कसं कळणार? शनिवारी मी इथेच होतो ना. तुमच्या तुळया निघाल्या तेव्हा पिवळ्याधमक होत्या, सोन्यासारख्या. मी तर वरची जळकी फळकुटं नेली, तुम्हीच दिलीत. मला चोरायचं असतं तर मी बदली माल काळा कशाला केला असता? पिवळा केला असता."

"बारशाला उशिरा का आलास?"

"दुकानात गिऱ्हाईक होतं. बायकोला विचारा. नाहीतर नको, तिला विचारू नका, तिला वाटतं मी झोपलो होतो."

"झोपला होतास?"

"स्वल्प."

बाईंनी त्याला चहा पाजला. चोराला त्या चहा पाजत नसत, हे वखारीत सगळ्यांना ठाऊक होतं. गडी एकमेकांकडे बघू लागले. अजित नाही, मल्हार नाही. मग उरला तो मुनियप्पाच, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मुनियप्पाने खोलीतून आपली ट्रंक बाहेर आणून ठेवली होती.

५

उन्हं कलायला लागली तेव्हा श्रीरंग आणि कस्तुरी आले. एक्सप्रेसवेवर अडकलो, असं श्रीरंग गाडीतून उतरताच सांगू लागला. कस्तुरी सरळ मुनियप्पाच्या खोलीकडे गेली आणि ट्रंक बघून तिथेच उभी राहिली.

"आजी, धिस इज सो सॅड," श्रीरंग म्हणाला. "मी ऐकलं आणि अर्धा दिवस सुट्टी टाकली. पण एक सांगू? आपण पॅनिक व्हायला नको. मी आता बघितल्या त्या तुळया. जळक्याच दिसतायत की. साइजही बरोबर आहे. वाडीला काय, बिल्डिंग उभी राहिल्याशी मतलब."

"जावईबापू, तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "पाणी घ्या. काल बारशातून मध्येच कुठे गेला होता?"

"ऑफिसचा कॉल होता. यूएसचा. बाहेर गाडीत बसून घेतला."

"जेवायला शेवटच्या पंगतीला आला."

"लांबला ना कॉल. ते लोक सोडतच नाहीत."

बाईंनी मान हलवली. त्यांची धाकटी मुलगी क्षमा अमेरिकेत होती. दर रविवारी दुपारी ती फोन करून म्हणे, आई, इथे शनिवारची रात्र आहे, आता झोपते. शनिवारी रात्री जागून काम करणारं ते कोणतं ऑफिस, हे विचारायचं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या थांबल्या.

"मुनियप्पाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

श्रीरंगने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "आजी, मला कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही. कस्तुरीला तो किती जवळचा आहे, मला माहितीये. पण हा माणूस सेफ नाही. लाकडाच्या वखारीत, तेही वणव्यातल्या लाकडाशेजारी उभा राहून मला म्हणतो, सुट्टा मार. एकदा नाही, दोनदा. वर हात हलवून."

"सुट्टा म्हणजे?"

"सिगरेट, आजी. सुट्टा मार म्हणजे सिगरेट ओढ. आमच्या ऑफिसात सगळे तसंच म्हणतात."

"हो का," वसुमतीबाई म्हणाल्या. "मला हे ठाऊक नव्हतं. बरं झालं सांगितलंत. तुम्ही वखारीत शेवटचे कधी आला होता?"

"कालच्या आधीच्या रविवारी की. तुमच्यासमोरच. ओंडका उतरवला तेव्हा."

"त्यानंतर नाही?"

"नाही ना. वेळच नाही मिळाला."

"सरी," वसुमतीबाई म्हणाल्या.

आयुष्यात त्यांनी जावयाला हा शब्द पहिल्यांदाच म्हटला होता. श्रीरंगला त्यात काही वावगं वाटलं नाही. दारात उभ्या असलेल्या कस्तुरीला मात्र वाटलं. ती आजीकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

६

बाईंनी करवत थांबवायला सांगितली. करवत थांबली की यशवंतपूरच्या लॉऱ्यांचा आवाज वखारीत शिरतो. फाटक लावल्यावर तोही कमी झाला. अजित, मल्हार, गडी, कस्तुरी, श्रीरंग, सगळे तुळयांभोवती उभे राहिले. बाई ओंडक्यावर बसल्या.

"पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या. "वणव्यात झाड जळलं. तुळई जळली नाही. तुळई झाडाच्या पोटातून निघते, आणि पोटात वणवा गेला नव्हता. कोळसा असतो बाहेरून, सालीकडे; तो आपण तासून टाकतो. मग ज्या माणसाने ही तुळई चारी बाजूंनी, कोपऱ्यांसकट काळी केली, त्याला काय वाटलं? त्याला वाटलं, जळक्या झाडाची तुळईही काळी असणार. म्हणजे त्याने काळा ओंडका पाहिला होता, चिरलेली पिवळी तुळई पाहिली नव्हती. अजित रोज बघतो. गडी रोज बघतात. मल्हार शनिवारी इथे बसून बघत होता. मुनियप्पाच्या तर खोलीसमोर चिरल्या. यांतला कोणीही ही चूक करणार नाही. ही चूक बाहेरच्याची. आणि तुळयांचं माप ठाऊक असलेल्या बाहेरच्याची."

श्रीरंग म्हणाला, "आजी, पण..."

"थांबा. दुसरी गोष्ट. मुनियप्पा, इकडे ये. शनिवारी तुला जे शिकवलं ते म्हण. मोठ्याने."

मुनियप्पा ट्रंकेपासून हलला नाही. कस्तुरी त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याचा हात धरला. तेव्हा तो पुटपुटला, "सुट्ट मर. मुट्टबेडी."

"ऐकू नाही आलं."

"सुट्ट मर, मुट्टबेडी." या वेळी आवाज भिंतीवर आपटून आला. सवयीने त्याचा हात नको नको म्हणत हललाही.

मल्हारला सगळ्यांत आधी उमगलं. त्याने श्रीरंगकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"जळकं लाकूड आहे, हात लावू नका," बाई म्हणाल्या. "कानडी येणाऱ्याला एवढंच ऐकू येतं. अजितला येतं, मल्हारला येतं. पण ज्याला कानडी येत नाही आणि ज्याच्या ऑफिसात सिगरेटीला सुट्टा म्हणतात, त्याला काय ऐकू येतं? सुट्टा मार. जावईबापू, मुनियप्पाने जन्मात विडी ओढलेली नाही. वखारीत काडीपेटीला बंदी आहे, तो पान खातो. त्याला हिंदीही येत नाही. आणि हे वाक्य मी त्याला शिकवलं शनिवारी संध्याकाळी. त्याआधी तो त्या लाकडाला होन्नेच म्हणायचा. आज सकाळपासून तो तोंड मिटून आहे. म्हणजे हे वाक्य ऐकता येईल असा एकच दिवस होता. काल. तुम्ही म्हणता, तुम्ही त्याआधीच्या रविवारनंतर इथे आलाच नाहीत."

श्रीरंगने कस्तुरीकडे पाहिलं. ती मुनियप्पाचा हात सोडायला तयार नव्हती.

"तुळया कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"बेसमेंटमध्ये," श्रीरंग म्हणाला. "आमच्या सोसायटीच्या. सेफ आहेत, आजी, कापलेल्या नाहीत. सुतार उद्या यायचा होता."

अजितने मोठा श्वास सोडला. बाईंनीही सोडला, पण कोणाला दिसू दिला नाही.

"कशाला?"

श्रीरंगने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता त्याचा आवाज लहान होत गेला. ऑफिसचा नवा मजला होता. साहेबांना रिसेप्शनचा काउंटर वणव्यातल्या लाकडाचा हवा होता, वर पाटी, खाली होन्नेकट्ट्याची गोष्ट. श्रीरंगने मीटिंगमध्ये हो म्हणून टाकलं होतं. "ते काय म्हणतायत ते मला नीट कळलंच नव्हतं, आजी. मला वाटलं एखादी फळी मागतायत. मग मागे फिरता येईना. म्हणून मी वाडीसाठी नवं पाइन घेतलं, सरळ, एकसारखं, बाहेरून आलेलं. मी काही चोरी नाही केली. एक्स्चेंज केलं. त्यांना आढं मिळालंच असतं."

"दोन पावसाळे," अजित म्हणाला.

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं होतंत?" बाई म्हणाल्या.

श्रीरंगने नकारार्थी मान हलवली.

"मुनियप्पा," बाई कानडीत म्हणाल्या, "हे आले होते, तर सकाळीच का नाही बोललास? ट्रंक बाहेर काढलीस, पण तोंड नाही उघडलंस."

म्हाताऱ्याने खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले. "घरचे अळिय, अक्का. जावई. ते आले, टेंपोतून हे काळं लाकूड उतरवलं आणि आपलं होन्ने चढवायला लागले. मी म्हटलं, सुट्ट मर, मुट्टबेडी. ते म्हणाले, सरी सरी. पुन्हा म्हटलं, पुन्हा सरी सरी. मला वाटलं तुम्हीच पाठवलं. आज कळलं की नाही. मग काय बोलू? मी बोललो तर आमच्या कस्तुरी अम्माच्या संसारात माती. मला काय, खोली कुठेही मिळेल."

हे कस्तुरीने मराठीत करून श्रीरंगला सांगितलं. एकेक शब्द, न रडता. शेवटचं वाक्य सांगताना मात्र ती थांबली, आणि ते तिने दोनदा सांगितलं. श्रीरंगच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तो मुनियप्पाकडे जायला निघाला, पण अर्ध्यात उभा राहिला. जाऊन काय म्हणायचं, त्याला शब्दच येत नव्हते.

बाई ओंडक्यावरून उठल्या. पदर खोचला. जावयापुढे त्या नेहमी पदर सावरून बोलत; आज सावरला नाही.

"ऐक, श्रीरंग," त्या म्हणाल्या.

अहो गेलं होतं, बापू गेलं होतं. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुळया नेल्यास, ते मी एक वेळ गिळीन. त्या बेसमेंटातून परत येतील. अजित आत्ताच टेंपो घेऊन निघेल. पण सकाळपासून हा म्हातारा चोर ठरत होता, तुला फोनवर सगळं कळत होतं, आणि इथे येऊन तू त्याच्यावर आणखी एक धोंडा ठेवलास. सिगरेटीचा. हे मी गिळणार नाही. तू जावई म्हणून हा गप्प बसला. जावई म्हणून मीही वर्षभर हसण्यावारी नेलं. तेव्हा आजपासून तू या घरचा जावई नाहीस."

कस्तुरीने मान वर केली.

"नातू आहेस," बाई म्हणाल्या. "जावयाला सगळं माफ असतं, नातवाला काही माफ नसतं. ती ट्रंक उचल आणि मुनियप्पाच्या खोलीत होती तिथे नेऊन ठेव. मग त्याच्यासमोर खाली बस आणि कानडी शिक. फार नको, एवढंच: हे झाड तुमचं, ते मी नेलं होतं, ते मी परत आणलं आहे. उद्या लॉरीत पुढे ड्रायव्हरशेजारी नाही बसायचं. मागे त्या तुळयांवर बसून होन्नेकट्ट्याला जायचं आणि चंदनाला हे सगळ्या वाडीसमोर सांगायचं. तुझ्या त्या साहेबाला काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण त्यालाही पहिल्यांदा हेच सांग की कळलं नव्हतं."

श्रीरंगने खालमानेने ट्रंकेची कडी धरली. सवयीने त्याच्या तोंडून निघालंच, "सरी, आजी."

"तो शब्द तुझा नाही," वसुमतीबाई म्हणाल्या. "ठीक झालं की नाही, हे तू ठरवायचं नसतं. ते चंदना ठरवील. ती काय बोलते ते उभं राहून ऐक. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हण, पुन्हा विचार, दहा वेळा विचार. आणि सगळं ऐकून झाल्यावर तिने जर 'सरी' म्हटलं, तर तू सुटलास."